कपाटातले पंधरा दिवस

प्रिय मामा,

काल दुपारी अश्विनीनं मला एकच प्रश्न विचारला, "दुरुस्त कधी झाला?" आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुम्ही जाऊन चार महिने झाले. दहाव्याला सगळ्यांनी दोन शब्द बोल म्हटलं, तेव्हा माझ्या तोंडातून आवाज फुटला नव्हता. आज फुटतोय, पण रागानं. ऐकून घ्या. मधेच चहा मागवून विषय बदलायची सोय आता तुम्हाला नाही.

पैठण गेटच्या मागच्या गल्लीत, कॅमेरे दुरुस्त करायच्या तुमच्या त्याच खोलीत, त्याच टेबलावर लिहितोय. मी कॉलेज अर्ध्यात सोडून तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा आईनं तुमच्याशी महिनाभर अबोला धरला होता. पोराला बीएस्सी करू द्यायचं सोडून याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला, म्हणाली. तुम्ही तिला सांगितलंत, "अक्का, याचं डोकं तापतं. तापलेलं डोकं वर्गात बसत नाय, बारक्या स्क्रूपुढं मात्र गप बसतं."

मामानं भाच्याला मारलं तर मामाचे हात थरथरायला लागतात, असं आपल्याकडं मानतात. तुमचं तर पोटच हातावर! म्हणून मी गिऱ्हाइकाची लेन्स फरशीवर पाडली तरी तुम्ही दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिलात आणि म्हणालात, भाचेबुवा, जरा बाहेर चक्कर मारून या. मामा, एखादी ठेवून द्यायला पाहिजे होती. मार खाल्ला असता तर काही गोष्टी लवकर कळल्या असत्या.

तो दिवस आठवतो का, तुम्ही पांढऱ्या फडक्यावर दोन कॅमेरे उघडून ठेवले होते? एक नेहमीचा, आपल्या गावातले निम्मे लग्नाचे फोटोवाले जो वापरतात तो. दुसरा त्या परदेशी खानदानी कंपनीचा. वर लाकडी मूठ, खरं चामडं, कपाळावर नाव, आणि आला तेव्हा मखमलीच्या डबीत नवरीच्या दागिन्यासारखा निजलेला. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि दोन्हींच्या पोटात बघ म्हणालात. शटरचा तोच पडदा, सर्किटची तीच पट्टी, पट्टीवर छापलेला तोच नंबर. दुसऱ्याचं लेकरू उचलायचं, त्याला नवं अंगडं घालायचं, कपाळावर आपल्या घराण्याचा टिळा लावायचा आणि किंमत तिप्पट! ह्याला काय म्हणायचं? रस्त्यावरच्यानं केलं तर त्याला डुप्लिकेट म्हणून पोलीस उचलतात. मोठ्या घराण्यानं केलं की ती खास आवृत्ती!

मी तसाच तावातावानं जालना रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. काचेच्या कपाटापुढं उभं राहून मोठ्यानं सांगितलं की हे लोकांना गंडवणं आहे. टाय लावलेला एक पोरगा आला, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गोड बोलत दाराबाहेर नेऊन सोडलं. परत येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही विचारलंत, "पाणी तरी गार होतं का?" मी हसलो नव्हतो. आजही हसत नाही.

कारण तुम्हाला सगळं माहीत होतं! आणि तुम्ही काय करत होतात? साध्या कॅमेऱ्याचं काम त्याच दिवशी परत द्यायचात. खानदानी नावाचा कॅमेरा आला की मात्र तुमचा आवाज बदलायचा. साहेब, फॉरेनचा पार्ट हाय, पंधरा दिवस धरून चाला. गिऱ्हाईक जिना उतरायच्या आत तुम्ही साध्या कॅमेऱ्याचा पार्ट काढून ठेवलेला असायचा. दुपारपर्यंत काम खलास. मग कॅमेरा लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर, पंधरा दिवस. पैसा तुम्ही एक रुपया जास्त घेतला नाहीत, हे मी कुणापुढंही शपथेवर सांगेन. पण खोटं ते खोटंच ना?

मी भांडलो तेव्हा तुम्ही त्या डॉक्टरांची गोष्ट सांगितलीत. त्यांचा कॅमेरा तुम्ही एका तासात चालू करून दिला, तर ते चिडले. एवढ्यात झाला म्हणजे काहीतरी थातूरमातूर केलं असणार, म्हणाले. चालू कॅमेरा घेऊन पुण्याला कंपनीच्या सेंटरला गेले. तिथं महिनाभर पडून राहिला, तसाच परत आला, आणि डॉक्टर इथं येऊन तुम्हालाच सांगायला लागले की काम असं असतं. त्यानंतर कपाट सुरू झालं. तुम्ही म्हणालात, "वाट बघितल्याबिगर माणूस किंमत मानत नाय, भाचेबुवा. मी काय करू?"

पिशोरला डोंगरात मेंढरं राखणाऱ्या बापाचं पोरगं तुम्ही. शहरात येऊन एका उस्तादांच्या पायाशी बसून ही विद्या शिकलात. कुणी तुम्हाला इंजिनिअर म्हटलं नाही, मेस्त्री म्हटलं. त्या डॉक्टरांनी तुमचा किती अपमान केला हे मला कळतं. पण मामा, म्हणून त्यांचंच नाटक आपण आपल्या कपाटात मांडायचं? कंपनी चामडं लावते, आपण पंधरा दिवस लावतो. फरक काय राहिला?

आता अश्विनीचं ऐका. हर्सूलची, लग्नाचे फोटो काढणारी. ती जिना चढली की मी उगाच चष्मा पुसायला लागायचो आणि तुम्ही म्हणायचात, पुसू पुसू काच झिजंल. तुम्हाला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं का, ते मला अजूनही माहीत नाही. चार लग्नसराया राबून तिनं तोच खानदानी कॅमेरा घेतला. तिचा जुना साधा कॅमेरा म्हणजे, तुम्हाला सांगायला नको, अगदी त्याचाच जुळा भाऊ! आणि मागच्या महिन्यात नव्याचा पडदा अडकायला लागला, म्हणून ती तो घेऊन आली.

मी काय केलं? आपल्या ड्रॉवरमध्ये एक मेलेला साधा कॅमेरा होता, हळदीच्या पाण्यात बुडालेला. त्याचा पडदा चांगला होता. काढला, बसवला, चपखल बसला. संध्याकाळचे पाच वाजायच्या आत काम झालं. आणि मी, शोरूममध्ये जाऊन आरडाओरडा करणारा मी, तिला काय सांगितलं? फॉरेनचा पार्ट आहे, पंधरा दिवस लागतील.

मनाला समजावलं की मामांची रीत आहे. खोटं. रीत नव्हती ती. कॅमेरा कपाटात असेल तर ती विचारायला येईल, एवढंच होतं. आणि ती यायची. एक दिवसाआड यायची, स्टुलावर बसायची, काय झालं म्हणून विचारायची, मी उद्या-परवा म्हणायचो. मला ते दिवस इतके आवडले मामा, की सांगायची लाज वाटते.

नवव्या दिवशी ती आली आणि शांतपणे म्हणाली, वैजापूरचा साखरपुडा गेला. मार्केट यार्डातल्या एका अडत्याच्या मुलीचा होता. साखरपुडा, हळद, लग्न, सगळं काम तिला मिळणार होतं. इतकं मोठं काम पहिल्यांदाच एकटीच्या नावावर. तिनं त्यांना प्रामाणिकपणे कळवलं की कॅमेरा दुरुस्तीला आहे, जुना घेऊन येते. अडत्या म्हणाला, मग राहू द्या, आम्ही दुसरा बघतो. हे ती सांगत होती तेव्हा कॅमेरा माझ्या पाठीमागं चार हातांवर कपाटात होता. चालू! आणि मी तिला चहा घेतेस का म्हणून विचारलं.

त्यानंतर मला झोप लागली नाही, जेवण गेलं नाही. शेवटी ठरवलं की तिला सगळं दाखवायचं. काल तुमच्यासारखंच पांढरं फडकं पसरलं. तिचा कॅमेरा उघडला, शेजारी तो मेलेला ठेवला. भिंग दिलं. कंपनीवर जे भाषण ठोकलं, ते शोरूममधल्याहून मोठं होतं. तुला लुटलंय, म्हणालो. मला वाटलं ती चिडेल, रडेल, मग मी आहेच.

तिनं भिंगाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "मला काय कळत नाही का? पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. लोक फोटो नंतर बघतात, आधी कॅमेरा बघतात. बाईच्या हातातला तर दोनदा बघतात. म्हणून घेतला."

मग तिची नजर त्या मेलेल्या कॅमेऱ्यातल्या रिकाम्या जागेवर गेली, जिथून मी पडदा काढला होता. तिला काम कळतं, मामा. तिनं विचारलं, "दुरुस्त कधी झाला?"

मी खरं सांगितलं. पहिल्याच दिवशी.

"म्हणजे साखरपुड्याला तयार होता."

"हो."

ती स्टुलावरून उठली. मग म्हणाली, "कंपनीनं नाव विकलं, मी विकत घेतलं. पण तिनं मला फोटो तरी काढू दिले. तू तेवढंही नाही दिलंस." कॅमेरा जोडून दे म्हणाली. मी जोडला. माझे हात थरथरत होते, आणि मला तर कुणा मामानं मारलं नव्हतं. पट्टा गळ्यात घालून ती जिना उतरून गेली.

रात्री तुमच्यावरच चिडलो. हे कपाट तुम्ही शिकवलंत म्हणून. सकाळी उठल्यावर कळलं की तुम्ही ते त्या डॉक्टरांसारख्यांच्या अविश्वासापुढं हार मानून केलंत. मी ते एका विश्वास ठेवणाऱ्या पोरीला केलं. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, पण दोन्ही एका तराजूत घालणार नाही.

कपाटात तुमच्या रीतीनं ठेवलेले आणखी चार कॅमेरे होते, आज सकाळी त्या चारही गिऱ्हाइकांना फोन लावले. तुमचा कॅमेरा केव्हाच तयार होता, मीच अडकवून ठेवला, घेऊन जा. एकानं शिव्या दिल्या. कन्नडच्या एका गुरुजींनी संशयानं विचारलं, एवढ्यात कसा काय झाला? मी म्हणालो, गुरुजी, काम एवढंच असतं.

आता वैजापूरला निघालोय. साखरपुडा गेला, पण हळद आणि लग्न अजून व्हायचंय. त्या अडत्याला तोंडावर सांगणार आहे की पोरीनं शब्द मोडला नाही, मेस्त्रीनं कॅमेरा दाबून ठेवला, आणि तिचा जुना कॅमेरा घेऊन ती आली असती तरी फोटोत केसाएवढाही फरक पडला नसता. तिनं काढलेले फोटो मोबाइलमध्ये घेतलेत. आधी ते बघायला लावीन. तो हाकलून देईल कदाचित. काम तिला मिळेलच असंही नाही. मी गेलो होतो हे तिला माझ्या तोंडून कळणार नाही. कळलं तर लगेच मी स्टुलावर तिची वाट बघत बसेन, मला मी माहीत आहे.

तुम्हाला एकच वचन देतो मामा. या खोलीत आलेला कॅमेरा ज्या दिवशी चालू होईल, त्याच दिवशी माणसाच्या हातात जाईल. लोकांनी थातूरमातूर म्हटलं तरी चालेल. पुण्याला नेला तरी चालेल. शिकवलंत तुम्ही हातानं, ते सगळं ठेवतो. तोंडानं शिकवलंत ते एवढं एक सोडून देतो. रागावू नका.

मध्यवर्ती बसस्थानकावरून अकराची गाडी आहे. पत्र तुमच्या टेबलावर ठेवतोय. चपला घातल्या. आता बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुमचा, तापल्या डोक्याचा भाचा,
गणेश