बिबड्यांची फिल्म

चि. भटूस, पुण्याहून थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

तुला एक बहीण आहे, हे तरी आठवतं का? माझ्या लग्नात मुंडावळ्या घरी विसरून आलेला तू! मी बरी आहे. गुडघ्यांचं विचारू नकोस. कापूस वेचून झाला का?

हे पत्र नातू हेमकांत लिहितोय. सतरा वर्षं फौजेत काढून आता कॉलेजात फिल्म बनवायला शिकतो, पोराटोरांच्या बाकावर बसून.

त्याने एक फिल्म लिहिली. बर्फातल्या चौकीवर शहाद्याहून ज्वारीच्या बिबड्यांचा डबा येतो. वाटेत त्या वाळवलेल्या पापडांचा सगळा चुरा झालेला. आठ जवान तो चमच्याने सारखा वाटून खातात. एवढंच. ऐकून मी रडले, कुणाला सांगू नकोस.

आणि त्याचे सर म्हणतात, "यात बंदूक कुठे आहे? एखादा शहीद टाका, नाहीतर बघेल कोण?" मेल्याने चौकी कधी पाहिली का? सतरा वर्षं तिथे हा होता की तो?

वर हेमकांतही मुकाट्याने शहीद टाकायला बसला! मी विचारलं, "आठातला कोणता मारतोस?" आठही जण खरे आहेत रे, त्याच्याच चौकीवरचे. दोन दिवस हा ताटावर बसतो आणि तसाच उठतो.

"आजी, हाई लिखाले लावू नको," म्हणतोय. लिही म्हटलं!

आज ते नवे कागद मी फाडले. कुणी मरणार नाही. शनिवारी शूटिंग आहे.

सगळ्यांना आशीर्वाद. तुझ्या रुक्मिणीला सांग, पत्र मिळताच पहिल्या एसटीने बिबड्या पाठव. डब्यात सैल भर, वाटेत फुटू देत.