पेपर झाला की नेते

४ डिसेंबर

परत आला! वाचून नापसंत केला असता तर एक वेळ समजलं असतं. हा न वाचताच परत. ॲबस्ट्रॅक्ट लांब झालाय, तक्ते वेगळ्या फाईलमध्ये हवेत, लेखकांची नावं पहिल्या पानावर नकोत. आणि वर एक शंका — एथिक्स कमिटीच्या पत्रात जिल्हा अहमदनगर आहे, पेपरात अहिल्यानगर आहे, तर अभ्यास दोन जिल्ह्यांत केला आहे का? आता यांना काय सांगू! जिल्ह्याचं नाव बदलल्याची सगळी कथा लिहून पाठवायची म्हणजे आणखी एक ॲबस्ट्रॅक्ट.

सविता मॅडम म्हणाल्या, "अगं, सगळ्यांचं होतं असं. नियम आधी वाचायचे असतात." गाईड आहेत म्हणून 'हो मॅडम' म्हटलं. त्या नियतकालिकाचे नियम माझ्या पेपरपेक्षा मोठे आहेत.

आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न ठरलेला — "झाला का तुझा प्यापर?" नाही म्हटल्यावर सुरू! "पेपर झाला की नेते, पेपर झाला की नेते... वरीस झालं आयकती हाय मी. माझं गुडघं गेलं हिच्या मागं पळून." मागे माझी दिशा ताटलीवर काहीतरी आपटत होती. माझ्याशी बोलली नाही, पण ताटली ऐकली.

६ डिसेंबर

आज चिडून एका कागदावर सगळं मांडलं. पेपर स्वीकारल्याचं पत्र नाही तर विद्यापीठ प्रबंध घेत नाही. प्रबंध दिला नाही तर अभ्यासासाठीच्या जामखेडच्या फेऱ्या संपत नाहीत. सकाळी इथे नगरला कॉलेजात शिकवायचं, दुपारी नर्सिंगच्या मुलींना घेऊन वॉर्डात, सुट्टीला वजनकाटा घेऊन वस्त्यांवर. यात दिशाला कुठे ठेवू? सुनील आसामात ड्यूटीवर. सासूबाई तर लग्नाआधीच गेल्या. म्हणून काष्टी, म्हणून आई. चालायला लागली होती नुकती, तेव्हा ठेवून आले.

कागद फाडून टाकला. मांडून काही सुटत नाही.

११ डिसेंबर

पाठवला! सगळे रकाने भरले. शेवटी एक चौकट — या विषयात लेखकाचे काही वैयक्तिक हितसंबंध आहेत का?

विषय काय, तर ऊसतोडीला गेलेल्या आयांची मागे आजीपाशी राहिलेली मुलं. त्यांचं खाणं, त्यांचं वजन.

'नाहीत' वर टिचकी मारली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

१५ जानेवारी

काल काष्टीला दिशाचं बोरन्हाण झालं. मी इथे इन्स्पेक्शनच्या फायली लावत. ओंकारने व्हिडिओ कॉल केला — माझा धाकटा भाऊ, फोन धरायचा म्हणजे अर्धा वेळ स्वतःचा अंगठाच दाखवतो. पण दिसली. काळा फ्रॉक, हलव्याचा मुकुट कानावर आलेला, डोक्यावरून बोरं-चुरमुरे पडताहेत आणि ही सोडून सगळी पोरं ती वेचताहेत. ही मात्र आईच्या मांडीवर राणीसारखी बसलेली. हलव्याचे दागिने आईने घरी केले! गुडघे गेलेत म्हणते ना!

ओंकार म्हणाला, "बघ कोन हाय फोनमधी?"

दिशा म्हणाली, "राजी."

आई मला हाक मारते तशीच. सगळे हसले. मीही हसले, फोनवर हसावं लागतं.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं की तडक काष्टी गाठली. दिशा आईच्या पदरामागे. "जा की. आई हाय ती तुझी," आई म्हणाली. नाही आली. मी पिशवीतून खेळणी काढली, तीही आईने तिच्या हातात दिल्यावरच घेतली. दुपारी मात्र ओट्यावर बसले होते तर मागून येऊन पाठीला टेकली. पाठीला पाठ लावून चिक्की खात बसली. मी हललेच नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

निघताना आईचं फर्मान — "रडवून जाऊ नगं, मागं मला तरास." ओंकारने तिला वासरू दाखवायला नेलं आणि मी चोरासारखी मागच्या दाराने एस.टी. गाठली. पाठीवर ड्रेसला चिक्कीचा गूळ लागलाय. धुवायला टाकवत नाही. वेडेपणा आहे. असू दे.

८ फेब्रुवारी

वेबसाईटवर स्थिती — 'परीक्षकांकडे'.

२० फेब्रुवारी

'परीक्षकांकडे'. दिवसातून किती वेळा बघते ते या वहीलाही सांगणार नाही.

११ मार्च

आलं उत्तर. नकार नाही, पण मोठी दुरुस्ती. पहिल्या परीक्षकाला पेपर आवडला. दुसरा उंटावरचा शहाणा! त्याचं म्हणणं — आया परत आल्यावर मुलांचं काय होतं ते पेपरात कुठेच नाही. आणि आज्यांबद्दल नुसतं 'सांभाळ करणारी व्यक्ती' एवढंच लिहिलंय. मूल परत आईकडे गेल्यावर त्या व्यक्तीला काय वाटतं?

म्हणजे पुन्हा जामखेड. आणि ऊसतोडीच्या टोळ्या परतायला अजून अवकाश! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच.

आईला सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. मग, "म्हंजे अजून न्हाईच? बरं. तिला चपला पायजेत. जुन्या बसत न्हाईत."

"कुठलं माप?"

"मला काय ठावं माप! तूच बघ."

आख्ख्या तालुक्याच्या पोरांची उंची-वजनं माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत, आणि माझ्या पोरीचा पाय केवढा झालाय ते मला ठाऊक नाही. ओंकारला म्हटलं, तिचा पाय कागदावर ठेवून पेनने रेघ मार आणि फोटो पाठव. फोटोवरून कशाचं माप कळतंय! कापडबाजारात दुकानदारापुढे दोन बोटं लांब करून "एवढा असेल" म्हणत उभी राहिले आणि मला भर दुकानात रडू आलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, बदलून देतो की."

१३ एप्रिल

आज वस्तीवर गेले. टोळ्या परतल्यात. ओसाड पडलेल्या घरांपुढे ट्रॅक्टर, चुली, धुणी, रेडिओ. सगळी वस्ती बोलत होती.

कडूबाईंच्या घरी धनश्री आलेली — त्यांची सून, जेमतेम पंचविशीची. तिचा राम दिशाएवढाच. तो कडूबाईंच्या लुगड्याला धरून, आणि धनश्री त्याच्याकडे न बघता बाजेवर तांदूळ निवडत बसलेली. मी विचारलं, "येत नाही का तुझ्याकडे?"

"यील की. गेल्या सालीबी आसंच केलं त्यानं. आज न्हाई तर उंद्या."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की वो! तिकडं फडात दुसऱ्याचं लेकरू रडलं तरी पान्हा फुटायचा मला. पर त्याला कशाला दावायचं? माग लागलं का लेकरू लांब पळतंय. आपन आपलं काम करायचं. लेकरू हळूच येऊन बघतंय."

मग तिनेच मला विचारलं, "तुमाला किती लेकरं, म्याडम?"

"एक मुलगी."

"कुटंय?"

"माझ्या आईकडे. काष्टीला."

तिने तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि बाजेवर जागा केली. "बसा की मग हितं. तुमी आमच्यातल्याच की!"

इतक्या फेऱ्या मारल्या या वस्तीवर, खुर्ची मिळाली, चहा मिळाला. बाजेवर आज बसले.

परीक्षकाचा प्रश्न कडूबाईंना विचारला — नातू आता त्याच्या आईकडे जाईल, तुम्हाला कसं वाटतंय?

"कसं वाटायचंय? सुटले बाई! सा म्हयने निस्ता जिवाला घोर. खाल्लं का, पडलं का, इच्चू-काटा हाय का. आता घे म्हनावं तुजं तू!" आणि रामला पुढे ढकललं. तो परत मागे.

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढेही. सगळ्या आज्या म्हणाल्या, सुटलो. आई तरी दुसरं काय म्हणते! केवढं ओझं टाकलंय मी तिच्यावर.

२४ एप्रिल

दुरुस्ती पूर्ण. आया परतल्यावर सुरुवातीला काही मुलं नीट जेवत नाहीत, मग सावरतात — याचा एक तक्ता. आणि आज्यांबद्दल एक वाक्य — 'मूल आईकडे परत गेल्यावर सांभाळाच्या जबाबदारीतून मोकळं झाल्याचं आज्यांनी सांगितलं.'

सविता मॅडमनी चष्मा वर केला. "एवढंच?"

"त्या एवढंच बोलल्या, मॅडम."

पाठवून दिला.

१७ मे

ओंकारच्या बोलण्यात सहज आलं — दिशाला ताप येऊन गेला. चांगला चढला होता म्हणे. आईने मला कळवू दिलं नाही! फोन करून भांडले. मी मुलींना बालआरोग्य शिकवते, मला नाही सांगायचं तर कुणाला?

"सांगून काय केलं असतंस? रडत आली असतीस. गार पान्याच्या पट्ट्या ठिवल्या, डाक्टरला दावलं, उतरला. तू तुझा प्यापर लिव."

टोमणाच होता तो. आणि खरा होता. मुलींना पुढचा धडा होता 'तापातील बालकाची शुश्रूषा'. फळ्यावर लिहिताना अक्षर वाकडं गेलं. मला ती हवी आहे. कडेवर, आत्ता, तापासकट हवी आहे. बस्स, दुसरं काही नको. पेपर गेला खड्ड्यात!

पण पेपर खड्ड्यात गेला तर ती येत नाही. म्हणून वेबसाईट उघडून पाहिली. 'परीक्षकांकडे'.

९ जून

स्वीकारला!!

वॉर्डात होते. फोन वाजला, ईमेल उघडला, पहिली ओळ वाचली आणि चादरींच्या खोलीत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. मुलींना वाटलं कुणीतरी गेलं. सविता मॅडमनी पेढे मागवले. सुनीलला फोन लागला, तो नुसता ओरडत होता.

आईला सांगितलं.

"झाला? खरंच झाला?"

"खरंच."

"बरं झालं. सुटले बाई मी." मग, "कवा येतीस?"

"रविवारी."

"लगीच?"

"मग काय! तूच मागे लागली होतीस ना?"

"व्हय व्हय. ये. तिची कापडं धुवून ठिवते."

१५ जून

आणली.

बोचकं तयार होतं. कपड्यांच्या घड्या, डोक्याचं तेल, सर्दीचं चाटण, तिची वाटी. आईने दहा सूचना दिल्या — भात मऊ कर, उजव्या कुशीवर झोपव, ओरडू नको. स्टँडवर काही आली नाही. "मला गोठ्यात काम हाय," म्हणाली आणि पाठ फिरवली. कसलं गोठ्यात काम, सगळं तर ओंकारने सकाळीच उरकलं होतं! जरा रागच आला मला. नातीला निरोप द्यायला दोन पावलं येऊ नये?

दिशा कोळगावपर्यंत रडली. सगळी एस.टी. माझ्याकडे बघत होती, पोर पळवून नेतेय की काय अशी. मग दमली आणि मांडीवर झोपली. तोंड उघडं, केसांना खोबरेल, नव्या चपला पायात — त्या मोठ्याच निघाल्या. नगर येऊ नये असं वाटत होतं, आणि कधी एकदा येतं असंही.

२० जून

चार दिवस धड जेवली नाही, घरी नाही की कॉलेजजवळच्या पाळणाघरात नाही. "आजी कुठंय" हा जप. धनश्रीचं ऐकलं. मागे लागले नाही. आज संध्याकाळी स्वयंपाकघरात माझं माझं जेवत बसले. ती दारातून बघत होती. मग आली, माझ्या ताटातला वरणभात कालवला, एक घास स्वतः खाल्ला, एक माझ्या तोंडात कोंबला. नाकाला भात, हनुवटीला वरण.

"खा, राजी," म्हणाली.

राजी तर राजी! काय म्हणायचं ते म्हण, बाई. सगळं ताट संपवलं आम्ही. इतकं सुख मला झेपत नाही.

२७ जून

आईचा फोन. इकडचं तिकडचं बोलत राहिली — गाय व्यायली, मोटार जळाली, ओंकार ऐकत नाही. "दिशाला देऊ का?" विचारलं तर म्हणाली, "नगं, खेळू दी." पण फोन ठेवेना. मी स्वयंपाकाचं बघतेय, ती तिकडे नुसती धरून.

मग म्हणाली, "राजे, दुसरा प्यापर कवा लिवनार हायस?"