न्यूकॅसलची बदली

५ मार्च २००७
मिळालं! ट्रायब्युनलचं जजपद, कायम पगारी. पण लंडन नाही — न्यूकॅसल, पार उत्तरेला. मूळ पगार तोच, फक्त लंडनचा भत्ता नाही. वर्षाला चार हजार पौंड कमी. यतीन नवरा खरा, पण पहिला प्रश्न, "इथल्या स्टॅनमोरच्या घराचे हप्ते, वर तिकडचं भाडं — जमणार कसं?" अभिनंदन नंतर, जेवताना. एकोणीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.

७ मार्च
बाबा नागपूरहून आल्याला दोन महिने झाले. जिल्हा कोर्टात पस्तीस वर्षं कारकुनी, शेवटी अधीक्षक, तरी जजसाहेबांपुढे कधी खुर्चीत बसले नाहीत. आता मुलगीच जज! "बंगला कुठे देणार? गाडी? शिपाई?" म्हटलं, बाबा, काही नाही. डबासुद्धा घरून न्यायचा. चेहरा पडला.
मग भत्त्याचं कळलं. "अगं, आमच्याकडे गडचिरोलीला पाठवलं की भत्ता वाढतो. तुझा कापला? म्हणजे शिक्षेची बदली! कुणाशी वाजलं का तुझं?"
लंडनला घरं महाग म्हणून तिथे भत्ता, हे तीनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

९ मार्च
यतीन म्हणतो, "तूच ठरव." म्हणजे नको.

१२ मार्च
लेकीचं, सियाचं, जीसीएसई — इथली दहावी — पुढच्या वर्षी. तिला विचारलं, तर तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत, "मम, माझा परीक्षा मी देणार, तू नाही. जा ना!"
किती हवंय मला हे! पंधरा वर्षं लोकांच्या केसेस मांडल्या, आता निकाल लिहायचाय. तरी दिवसभर नकाराचं पत्रच मनात जुळवत होते. भित्री आहे मी.

१५ मार्च
बाबांनी अर्ज केला! परवाच, मला न विचारता, थेट नेमणुकीच्या ऑफिसला. वृद्ध पिता, नातीचं बोर्डाचं वर्ष, तरी कन्येची बदली रद्द करून तिला लंडनलाच ठेवण्याची कृपा व्हावी. खाली सही — मुरलीधर, निवृत्त अधीक्षक. नक्कल मला अभिमानाने दाखवली. "असे किती अर्ज मंजूर होताना पाहिलेत मी."
मी त्यांना नको नको ते बोलले. जज व्हायच्या आधीच वडिलांचा वशिला! बाबा जेवले नाहीत. मीही नाही.

१६ मार्च
ऑफिसातून फोन. बाई फार सभ्य. वडिलांचं पत्र पोचलं, घरची अडचण समजते, तर तुमचं नाव मागे घ्यायचं ना?
"नाही," म्हटलं. "मी न्यूकॅसलला जातेय." एका दमात!
यतीनला अजून सांगितलेलं नाही.