राणी एकदाच गायली

आई, काल ब्रिस्टलच्या स्टेजवर माझी राणी एकदाच गायली आणि तिला तुरुंगात नेलं. हे तुलाच सांगायला हवं, कारण इथे सांगून कुणाला कळणार नाही, आणि बाबांना सांगितलं तर ते आधी टॉर्च काढून माझा घसा बघतील.

ऑपेरा फार जुना. शतकानुशतकं कुठल्याशा लायब्ररीत धूळ खात पडलेला, आता सापडला म्हणून सगळ्यांना त्याचं कोण कौतुक. राणी शत्रूच्या कैदेत आहे. तिने त्याच्याशी लग्न केलं तरच तिचा मुलगा वाचेल. त्यावर तिचं एक मोठं गाणं. या गाण्यांची रीत अशी, की पहिला भाग गायचा, मग मधला, आणि मग पहिला पुन्हा. मात्र पुन्हा गाताना गाणारीने आपल्या मनाच्या हरकती, जागा घ्यायच्या. कागदावर त्यातलं काही लिहिलेलं नसतं. वाद्यवृंदाच्या कंडक्टरने हे समजावलं तेव्हा मला हसू आलं. नॉटिंगहॅमला आपल्या किचनमध्ये दुसरं काय चालायचं?

मी शाळेतून आलेय, युनिफॉर्मवरच स्टुलावर बसलेय. तू पोळ्या लाटतेयस. मी एक ओळ म्हणते, शिकवलीस तशी सरळ. मग तीच ओळ तू म्हणतेस आणि ती कुठल्या कुठे जाते. मी मध्येच तोंड उघडलं की लाटणं थांबतं. "थांब गं. आता माझी पाळी. घाई कसली, बस पकडायचीय?" हॉस्पिटलच्या क्वार्टर्सच्या भिंती पातळ, म्हणून तू हळूच गायचीस. एकदा शेजारच्या बाईंनी दार वाजवलं तेव्हा आपण दोघी घाबरलो होतो. त्या म्हणाल्या, "डोन्ट स्टॉप, लव्ह." त्यानंतर तू आणखीच हळू गायला लागलीस.

तर तालमीत मधला भाग संपतो, वाद्यं पुन्हा सुरुवातीला येतात, आणि मी गप्प. घाबरून नाही, विसरूनही नाही. तुझी पाळी असते म्हणून. कंडक्टर भला माणूस. त्याने स्वतः जागा लिहून दिल्या. मी त्या पाठ केल्या, बाथरूममध्ये गायले, गाडीत गायले, स्टेजवर आले की पुन्हा तोंडाला कुलूप. मी रडले, आरडाओरडा केला, वेड लागेल असं वाटलं. शेवटच्या तालमीला त्याने हात टेकले. पहिला भाग पुन्हा गायचा, तेच काढून टाकलं.

काल टाळ्या भरपूर पडल्या. कुणाला काही कळलं नाही. बाबा मात्र कोट घालता घालता म्हणाले, "फर्स्ट क्लास झालं गं. फक्त थोडं लवकर आटोपलं का?"

सगळ्यांना मी सांगते, जागा सुचत नाहीत. खोटं आहे ते. मी थांबते ती तू कशी गायली असतीस ते ऐकायला. तुझं रागावणं ऐकू येतं, पोळीचा वाससुद्धा येतो. गातानाचा आवाज तेवढा येत नाही. तुला जाऊन पंधरा वर्षं होत आली, आणि रोजच गात होतीस म्हणून कुणी टेप केलं नाही. तो आवाज आठवतो का, असं आज सकाळी बाबांना विचारावं म्हणून फोन उचलला होता, तो परत ठेवला. त्यांनाही आठवत नसला, तर मग तो कुठेच नाही.