कांडोळाच्या सालीवर नाव

५ जानेवारी, सोमवार
महादेवाला दूध वाहून आले. टेकडीच्या वाटेवरचा कांडोळ पार उघडा झालाय, एक पान नाही. लांबून साल पांढरी. जवळ गेलं की आत गुलाबी, हिरवट, कुठं तांब्याच्या गडव्यासारखी. कागदासारखे पापुद्रे सुटतात. लेकीनं दिलेल्या जुन्या फोनवर फोटो काढला. ऊन तिरपं असेल तरच रंग उतरतो, दुपारी सगळं फटफटीत. एका झाडाचा एकच फोटो ठेवायचा, बाकीचे तिथंच पुसायचे. उगाच पसारा नको.

९ जाने., शुक्रवार
आज सालई. साल पातळ, उन्हात धरली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी, पलीकडचा उजेड दिसतो. ओढ्याजवळचा अर्जुन गुळगुळीत, त्यावर करड्या-गुलाबी चकत्या. ऐनाची साल वाळलेल्या तळ्यासारखी भेगाळलेली. चांगला आला तोही.
भजनी मंडळातल्या शोभाताई मागून आल्या. "काय वो, झाडाचं आधार कार्ड काढून राह्यल्या काय?"
म्हटलं, "हाव. हे तुमच्यासारखं हलत तर नाही!"

१३ जाने., मंगळवार. भोगी.
तीळ लावून बाजरीच्या भाकरी, मिसळीची भाजी. जेवताना यांनी देवस्थान कमिटीचा ठराव सांगितला. दरवर्षी शिवरात्रीआधी वाटेवरच्या झाडांना चुना अन् गेरूचा पट्टा मारतात. पावसात धुऊन जातो, त्याचं काही नाही. यंदा म्हणे ऑइलपेंट, पुरुषभर उंच, अन् प्रत्येक झाडावर देणगीदाराचं नाव.
"मग साल सुटंल कशी?"
"झाडाले काय समजते?" मग भाकरी मोडत, "कांडोळावर मायचं नाव टाकून राह्यलो. वाटेवरचं पह्यलंच झाड हाय."
सासूबाईंचं नाव. नाही कसं म्हणावं. पण हो तरी कसं

१८ जाने., रविवार
घरी हळदीकुंकू. तिळगूळ देऊन झाल्यावर फोन सगळ्यांच्या हातात फिरवला.
"हे कोणतं लुगडं वो? मलकापूरहून आणलं काय?"
"महादेवाच्या दुकानातलं," म्हटलं. मग सांगितलं, आपल्याच वाटेवरची झाडं आहेत. रोजची वाट, कोणालाच ओळखू आली नव्हती. त्यानं एवढं रंगवलेलं, आपण पुन्हा काय रंगवायचं, एवढंच बोलले.
शोभाताई: "अन् ह्याच्यावर ऑइलपेंट? कोणत्या येड्याच्या डोक्यातून निघालं हे?"
हे ओसरीवरच बसले होते. सगळ्या हसल्या. मी नाही.

२५ जाने., रविवार
कमिटी बसली. बायकांचं म्हणणं शोभाताईंच्या मालकांनी मांडलं. ठरलं: झाडांना नेहमीसारखा चुना-गेरू, देणगीदारांची नावं एका फरशीवर. महादेवा, ऐकलंस.
कांडोळाचं तेवढं यांच्यावर सोडलं. "मायचं नाव हाय, तुमचं तुम्ही पाहा," म्हणाले सगळे. रंगाचा डबा आपल्याच घरात, कोनाड्याखाली.
रात्र पडायच्या आत बोलून टाकलं. म्हटलं, "मंदिराची पायरी देल्ली तवा तुमच्या मायनं नाव टाकू देल्लं नव्हतं. देवाले ठाऊक हाय म्हणे, लोकाले कायले सांगता."
वाटलं चिडतील. चिडले नाहीत. म्हणाले, "तिचा एक धड फोटो नाही आपल्याजवळ."
ते खरंच. तरी माझं म्हणणं बदललं नाही. झाड कोणाची पाटी नव्हे.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळीच डबा अन् ब्रश घेऊन हे टेकडीवर गेले. एकटेच. मी "नका" म्हटलं नाही. म्हणायचं ते म्हणून झालं आहे. पूजा केली. पोथीचा अध्याय वाचला, मन लागलं. वरण-भात, मेथीची भाजी.
ऊन डोक्यावर आल्यावर परत आले. डबा सोबत नव्हता. मोरीत बराच वेळ हात धूत होते. वाढताना त्यांच्या नखांकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.
भात कालवता कालवता म्हणाले, "उद्या तू जाशील न महादेवाले?"
"हाव."
"मीबी येतो. फोन चार्जिंगले लावून ठेवजो."
नावाचा फोटो काढायचा की नुसत्या सालीचा, ते उद्या कांडोळापाशीच कळेल. लवकर निघू, एवढंच म्हटलं.