मांडवीपर्यंत सोडतो

५ ऑक्टोबर, पहाटे
आजपासून सराव, रोज मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत पळत. डिसेंबरात सह्याद्रीतली पन्नास किलोमीटरची डोंगर-मॅरेथॉन. साडू हर्षद गेल्या वर्षी पुरी करून आला, तेव्हापासून जेवतानासुद्धा मेडल गळ्यात. काल सानवीला म्हटलं, तुलाही आणून देतो. तिने लगेच हॉलमध्ये खिळा ठोकून घेतला. बायको, नम्रता, म्हणाली, भिंत खराब केलीत. या घरात माझ्यावर विश्वास फक्त लेकीचा.

६ ऑक्टोबर
कोपऱ्यावरच शेजारच्या अनिलभाऊंनी स्कूटर थांबवली. गाडी बंद पडली काय ओ, बसा, मांडवीपर्यंत सोडतो. सराव आहे म्हटलं. म्हणाले, असूदे, बसा. शेजारधर्म मोडवेना. मांडवीला लवकर पोचलो. वेळ उत्तम.

११ ऑक्टोबर
रस्ता बदलला. तिकडे दीपक दूधवाल्याने गाडीवर बसवून घेतलं. माणूस पायी दिसला की इथे कुणाला राहवतच नाही. एवढ्या माणुसकीत खेळाडू घडायचा कसा?

२० ऑक्टोबर
काळोखात निघालो. मासळीचा टेम्पो थांबला. येताना बांगडे आणले. प्रोटीन हवंच.

२ नोव्हेंबर
माझं लायसन्स जप्त झालंय अशी आळीत चर्चा. अनिलभाऊ आता दारातच हॉर्न वाजवतात. वैताग नुसता.

१६ नोव्हेंबर, मंडणगड
चढाच्या सरावासाठी मुद्दाम सासुरवाडीला. सासूबाईंनी घावणे केले. चढ उद्या.

१७ नोव्हेंबर
मामेसासऱ्यांनी जीपमधून अख्खा चढ दाखवला. नीट अभ्यास झाला. निम्मी शर्यत डोक्यातच असते.

३० नोव्हेंबर
सानवीने विचारलं, बाबा, तुम्ही पळता कधी? फार लागलं. उद्यापासून कुणाच्याही गाडीवर बसणार नाही.

१ डिसेंबर
अनिलभाऊंना नाही म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

२ डिसेंबर
बसलो.

१४ डिसेंबर, सकाळी
शर्यतीला आलेले बाकीचे धावपटू उन्हाने रापलेले, वाळलेले. सरावाने पार झिजलेत बिचारे. मी एकदम फ्रेश.

१४ डिसेंबर, संध्याकाळी
वाटेतल्या पहिल्या तपासणी-चौकीला पोचेपर्यंतच ठरलेली वेळ संपली. तिथल्या बाईंनी छातीवरचा नंबर काढून घेतला. विचारलं, न्यायला गाडी कधी येते? म्हणाल्या, इथवर रस्ताच नाही, आलात तसे उतरा. तरी थोडा वेळ दगडावर बसून राहिलो. कुणीतरी थांबेल असं मनापासून वाटत होतं. मग उतरलो. दोन महिन्यांत एवढं सलग कधी चाललो नव्हतो. सगळा दोष आयोजकांचा.

१५ डिसेंबर
खिळा रिकामाच.
दूध संपलं म्हणून नम्रताने पिटाळलं. गाडीला किक मारायला पाय उचलेना, म्हणून लंगडत चालतच गेलो. परतताना मागून ओळखीचा हॉर्न. आयुष्यात कुठल्या आवाजाने एवढा आनंद झाला नसेल. पिशवी सावरून उभा राहिलो.
अनिलभाऊंनी स्कूटर हळू केली, थांबवली मात्र नाही. म्हणाले, तुमच्या पोरीने बजावलंय ओ, पुढच्या वर्षीच्या शर्यतीपर्यंत बाबांना गाडीवर घ्यायचं नाय. चालू द्या सराव.
मी दोनदा हाक मारली. त्यांनी नुसता हात हलवला आणि वळणावरून गेले.