ओट्याची उंची

४ फेब्रुवारी

मिस्त्री घंटा उतरवायला निघाला होता — थांबवलं. जुन्या बंबखान्याची लाल दारं आणि घंटा जशीच्या तशी ठेवायची, ही नगरपालिकेची अट. आत काय हवं ते करा. पण एक मार्चला रेस्टॉरंट सुरू झालं नाही, तर इमारत परत.

"आग विझवायच्या जागी आपण चूल पेटवू!" आमचे हे येईल त्याला ऐकवायचे. हे जाऊन दोन महिने झाले. आज मिस्त्री तेच सांगून हसला, मग माझ्याकडे बघून कामाला लागला. मला काहीच वाटलं नाही.

७ फेब्रुवारी

भिंत खरवडली. आतून मूळचा पिवळा रंग निघाला. छान आहे म्हणे.

११ फेब्रुवारी

भावोजींनी आचारी आणला. ओट्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "हा ओटा की दुकानाचा गल्ला? वीतभर खाली घ्या, मग बोलू." ह्यांनी स्वतः उभं राहून आपल्या उंचीचा बांधून घेतलेला. म्हटलं, ओट्याला हात लावायचा नाही. तो चहाही न घेता गेला.

"वहिनी, दादाच्या मापाचा माणूस कुठून आणू मी?"

१५ फेब्रुवारी

दुसरा आचारी. तेच. भावोजींनी कपाळाला हात लावला. "देऊन टाकू इमारत परत. तुम्हीही सुटाल." मी बरं म्हटलं. नुसतं बरं!

रात्री ब्रेड खाल्ला. हे गेल्यापासून घरात गॅस पेटवलेला नाही. "आचारी म्हणून नाव माझं, पण हाताला चव तुझ्या," म्हणायचे आणि ताट चाटूनपुसून मोकळे.

१८ फेब्रुवारी

इमारत परत करायची म्हणून किल्ल्या आणायला गेले. मिस्त्री ओट्याची कड घासत होता. उगीच जाऊन उभी राहिले. शेगडीवरच्या रिकाम्या पातेल्यात बघायला टाचा उंचवाव्या लागल्या.

मिस्त्री म्हणाला, "मी साहेबांना विचारलं होतं, बाईंचा हात कसा पोचणार? म्हणाले, तिला पायाखाली पाट देऊ! माझ्या शेजारीच उभी राहणार आहे ती."

मला एका शब्दाने बोलले नव्हते. परस्पर ठरवून मोकळे! इतका राग आला — आणि मग रडू फुटलं. मिस्त्री बिचारा पाणी आणायला पळाला.

१९ फेब्रुवारी

पाट नको. ओटाच वीतभर खाली घ्यायला सांगितला. भावोजींना कळवलं — आचारी शोधू नका, मिळाला.